राक्षस आपले की परके?

प्रश्न : गेल्या काही महिन्यांत घरात एकदम बरीच पुस्तकं आली. काही लातूरच्या प्रदर्शनातून उचलली, काही पुण्यात शिकणाऱ्या भाचीकडून मागवली. टोल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मराठी अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’, ‘हॅरी पॉटर आणि परीस’, जी. ए. कुलकर्णींचं ‘रमलखुणा’, ‘बनगरवाडी’, ‘रणांगण’ आणि हरिभाऊ आपट्यांचं ‘पण लक्षात कोण घेतो?’ असा ऐवज कपाटात लावला आहे. आनंद एवढा झालाय, की वाचायचं सोडून रोज नुसती पुस्तकांची जागाच बदलतोय. वडील मात्र म्हणतात, “राकुसाच्या गोष्टी लेकरांच्या. मोठ्या माणसानं कायतरी खरं वाचावं.” त्यांना ‘बनगरवाडी’ चालते, टोल्कीन चालत नाही. मला विचारायचं आहे, की अद्भुत कादंबरी ही बाहेरून आलेली चीज आहे का? मराठीत तसं काही होतं का? होतं, तर अभिजात पुस्तकांच्या यादीत ते का दिसत नाही? आणि आता सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, बेंबळी (ता. जि. धाराशिव)

उत्तर : वडिलांशी वाद घालायचाच असेल, तर त्यासाठी लागणारा पुरावा ऑक्सफर्डहून मागवायची गरज नाही. तो तुमच्या तालुक्यातच आहे.

धाराशिव शहरापासून आठेक किलोमीटरवर डोंगरात कोरलेली लेणी तुम्ही पाहिली असतील. शाळेची सहल तिथे जातेच. त्या लेण्यांवर एक अद्भुत कथा रचलेली आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. साधारण अकराव्या शतकात कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे दहा संधींचं, म्हणजे दहा सर्गांचं, काव्य लिहिलं. त्यातला करकंड राजा चोळ, चेर, पांड्य यांच्यावर मोहीम काढून दक्षिणेकडे निघालेला असतो. वाटेत तेरापूरजवळ त्याचा तळ पडतो. तिथला राजा त्याला सांगतो, की जवळच्या डोंगरात एक लेणं आहे. डोंगरमाथ्यावर एक वारूळही आहे. एक हत्ती रोज तळ्यातून सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो आणि त्या वारुळाची पूजा करतो. करकंड वारूळ खणायला लावतो, तर आत पार्श्वनाथाची मूर्ती निघते.

पुढचा भाग आणखी रंगतदार आहे. लेण्यातल्या मूर्तीच्या सिंहासनावर राजाला एक दगडी गाठ दिसते. ती त्याच्या डोळ्यांना खुपते. जुना कारागीर बजावतो, की ही फोडू नका, आत पाण्याचा झरा आहे. राजा ऐकत नाही. गाठ फुटते आणि सगळं लेणं पाण्यानं भरून जातं. मग एक दिव्य पुरुष प्रकट होतो आणि लेण्याची हकिगत सांगतो. नील आणि महानील हे दोन विद्याधर भाऊ शत्रूंनी हाकलून दिल्यावर इथे आले आणि त्यांनी तेरापुरात राज्य थाटलं, अशी ती हकिगत. डॉ. हीरालाल जैन यांनी हे काव्य संपादित करून १९३४ मध्ये कारंज्याच्या जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध केलं. काव्यातलं तेरापूर म्हणजे आपलं तेर आणि ती लेणी म्हणजे धाराशिवची, असं त्यांनी दाखवलं.

आता हा ऐवज तुमच्या नव्या पुस्तकांशेजारी ठेवून पाहा. राज्य गमावलेले दोन विद्याधर भाऊ, डोंगराच्या पोटातलं गुपित, ‘हात लावू नका’ म्हणून बजावणारा म्हातारा आणि न ऐकणारा राजा. टोल्कीनच्या वाचकाला यातलं काहीही अनोळखी वाटणार नाही. तुमचं तेर, म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करत होतं हे पाठ्यपुस्तकात येतं. ते एका अद्भुत काव्याचं ठिकाणही होतं, हे यायचं राहून गेलं आहे.

मग मराठवाड्यात असं आणखी काही?

आहे, आणि ते सगळ्या भारताला पुरलं आहे. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी कथा आहे. संस्कृत नीट येत नाही म्हणून राजा एकदा राणीसमोर ओशाळला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज घेतली : तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. तो हरला आणि खरोखरच मुका होऊन विंध्याच्या जंगलात गेला. तिथे पिशाच्चांची भाषा शिकला आणि त्या पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली. तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर आग पेटवली आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळू लागला. प्राणी चारा सोडून ऐकत रडत बसले. इकडे राजाच्या ताटातलं मांस सुकं येऊ लागलं. चौकशी केली तर शिकारी म्हणाले, रानातली जनावरं काही खातच नाहीत, गोष्टी ऐकतात. राजा धावत पोचला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते.

मूळ ‘बृहत्कथा’ आज मिळत नाही. तिच्यावरून काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यवतीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला. त्याचे अठरा लंबक, म्हणजे भाग, आहेत आणि श्लोक एकवीस हजारांहून अधिक. वेताळपंचविशी त्यातच येते. त्यातला खांद्यावर प्रेत टाकून चालणारा राजा त्रिविक्रमसेन राहतो कुठे? गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणला. ‘बृहत्कथे’च्या सर्वांत जुन्या उपलब्ध रूपांपैकी एक, ‘वसुदेवहिंडी’, तर महाराष्ट्री प्राकृतात आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सातवाहन काळाचे दाखले पुन्हा पुन्हा दिले गेले. अद्भुत वजा केलं, तर त्या काळाच्या वाङ्मयातला मोठा हिस्सा निघून जाईल.

घरातलंच उदाहरण हवं असेल, तर श्रावणात लावली जाणारी ‘नवनाथ भक्तिसार’ पोथी घ्या. धुंडीसुत मालूने ती शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण केली. चाळीस अध्यायांत मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटात जन्मतो, गोरक्षनाथ उकिरड्यातून निघतो, गहिनीनाथ चिखलाच्या बाहुल्यातून उठून बसतो, शाबरी मंत्रांनी अस्त्रं सुटतात आणि स्त्रीराज्यात अडकलेल्या गुरूला शिष्य सोडवून आणतो. अर्थात, पोथी लोक श्रद्धेने वाचतात आणि कादंबरी हौसेने. या दोन वाचनांची गल्लत करू नये. वडिलांसमोर तर मुळीच करू नये. पण असल्या घटना ऐकताना रमून जाणारं मन आपल्याकडे पूर्वापार आहे, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

छापील मराठी कादंबरीत अद्भुत होतं का?

कादंबरी जन्मली आणि लगेच अद्भुताच्या वाटेला लागली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. ती विधवांच्या दुःखाची, अगदी जमिनीवरची कादंबरी. पण त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. राजपुत्र, कपटी सरदार, संकटात सापडलेली नायिका, योगायोग आणि चमत्कार यांचा तो मामला होता आणि वाचकांनी तो डोक्यावर घेतला. त्याच काळात कृष्णशास्त्री चिपळूणकर ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणत होते. सॅम्युअल जॉन्सनचं ‘रासेलस’ मराठीत आणणारा हा भारदस्त शास्त्री अल्लाउद्दिनात वेळ घालवणं कमीपणाचं मानत नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

मग वारं फिरलं. सुधारणेचा काळ आला. कादंबरीने समाजाचं खरं चित्र दाखवावं, अशी अपेक्षा जोर धरू लागली. हरिभाऊंनी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापायला घेतली आणि यमूच्या तोंडून एका मुलीचं आयुष्य असं सांगितलं, की त्यापुढे मंजुघोषेची विमानं खोटी वाटू लागली. ही कादंबरी थोरच आहे. पण तिच्या थोरवीचा एक परिणाम असा झाला, की जे वास्तव तेच मोठं आणि बाकीचं पोरखेळ, असा समज पक्का बसला. या समजाला विरोधही झाला होता. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुताची बाजू उचलून धरली. कागदपत्रांच्या खऱ्याखोट्यासाठी गावोगाव वणवण करणारा संशोधक अद्भुताच्या बाजूने उभा राहतो, हे तुमच्या वडिलांना जरूर सांगा.

मग अभिजात पुस्तकांच्या यादीत ते का दिसत नाही?

कारण अद्भुत मराठीतून गेलं नाही, त्याची वाटणी झाली. एक वाटा पोथीला गेला. दुसरा वाटा मुलांना मिळाला. भा. रा. भागवतांनी जूल व्हर्न मराठीत आणला, रत्नाकर मतकरींनी ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ रंगमंचावर उभे केले. तिसरा वाटा गेला ‘करमणुकीच्या’ पुस्तकांकडे. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून ‘इंद्रभुवनगुहा’, ‘कालिकामूर्ती’सारखी पुस्तकं लिहिली. नाथमाधवांची ‘वीरधवल’ पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. पुढे नारायण धारपांनी भय आणि गूढ यांचं एक अख्खं दालन उघडलं. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटामागेही धारपांची एक कथा आहे.

ही पुस्तकं वाचनालयात पानं सुटेपर्यंत फिरली. परीक्षणं मात्र त्यांच्या वाट्याला क्वचित आली, आणि अभ्यासक्रमात तर ती नावालाही शिरली नाहीत. याद्या समीक्षक आणि प्राध्यापक करतात. ज्याचं परीक्षण नाही, ते यादीत येत नाही. उत्तर एवढं साधं आहे.

अपवाद तुमच्या कपाटातच आहे. ‘रमलखुणा’ १९७५ चं. त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत. ‘इस्किलार’मधला ना प्रदेश ओळखीचा, ना काळ. नावंसुद्धा कुठल्या मुलखातली, ते सांगता येत नाही. हीच कथा इंग्रजीत लिहिली गेली असती, तर दुकानदाराने ती टोल्कीनच्या फळीवर लावली असती. मराठी समीक्षेने तिला ‘रूपककथा’ म्हटलं आणि मानाने आत घेतलं. म्हणजे दार कायम बंद नव्हतं. नाव बदललं की उघडत होतं.

विज्ञानकथेच्या बाबतीत ते अलीकडे उघडलंही. तुमच्या धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, जानेवारी २०२० मध्ये ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. त्यानंतरच्या ९४ व्या, नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद ‘यक्षांची देणगी’ आणि ‘प्रेषित’ लिहिणाऱ्या जयंत नारळीकरांना मिळालं.

परक्यांकडेही हे भांडण होतंच. टोल्कीन हा ऑक्सफर्डात जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्यातून पंडित इतिहास आणि भाषेचे नमुने वेचत, आणि त्यातले राक्षस म्हणजे चांगल्या काव्याला लागलेला डाग, असं मानत. १९३६ मध्ये टोल्कीनने व्याख्यान देऊन ठासून सांगितलं, की राक्षस हाच त्या काव्याचा गाभा आहे. माणूस शेवटी हरणार हे ठाऊक असूनही लढतो, हे दाखवायला त्या कवीला माणसाहून मोठा शत्रू हवा होता. पुढच्याच वर्षी त्याचं ‘हॉबिट’ आलं आणि १९५४-५५ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. राजवाड्यांचा निबंध त्याच्या भाषणाआधी चौतीस वर्षांचा आहे. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, तरी तक्रार एकाच जातीची होती.

आता सुरुवात कुठून?

आधी ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची, लहानशी आहे. माणदेशातल्या धनगरवाडीत आलेला तरुण मास्तर आणि शेवटी पडणारा दुष्काळ. बेंबळीच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. ही वडिलांना मोठ्याने वाचून दाखवा. घरात वाचनाची बैठक बसली, की पुढच्या पुस्तकाला विरोध कमी होतो.

त्यानंतर ‘हॅरी पॉटर आणि परीस’. ते भराभर पुढे सरकतं आणि अद्भुताची सवय लावतं. मग ‘रणांगण’. विश्राम बेडेकरांची ही १९३९ ची कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते. चक्रधर आणि हॅर्टा या दोघांच्या मागे हिटलरची छाया आहे. पुस्तक लहान आहे, तेव्हा ते एकाच बैठकीत संपवा. तुकड्यातुकड्याने वाचलं तर त्याचा ताण सुटतो.

‘पण लक्षात कोण घेतो?’ची गोष्ट उलटी. ती मुळात साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली, तेव्हा रोज रात्री दोन-तीन प्रकरणं एवढाच बेत ठेवा. एका दमात वाचायला गेलात, तर जुनी भाषा अंगावर येईल. हप्त्याने वाचलीत तर आठवड्याभरात यमू घरातली होते.

‘स्वामी मुद्रिकांचा’ पावसाळ्यासाठी ठेवा. झड लागून शेतातली कामं थांबली की लांब पुस्तकाला वेळ मिळतो. टोल्कीनला ते एकच पुस्तक हवं होतं. युद्धानंतर कागद महाग, म्हणून प्रकाशकाने तीन भाग केले. तेव्हा पहिला भाग संपल्यावर ‘शेवट कुठे आहे?’ असं म्हणू नका. आरंभी हॉबिट लोकांच्या चालीरीतींची लांबलचक माहिती येते. कंटाळा आला तर ती सोडून सरळ गोष्टीत शिरा, नंतर मागे वळता येतं. पुस्तकातला नकाशा मात्र हाताशी ठेवा. नावं लक्षात राहत नाहीत, ही तक्रार सगळेच करतात. पांडवप्रताप ऐकणाऱ्या माणसाने ती करू नये, त्यात नावं कमी आहेत का?

सगळ्यात शेवटी ‘रमलखुणा’. टोल्कीन वाचून झाल्यावर ‘इस्किलार’ वाचलीत, म्हणजे कळेल की मराठी लेखकाने त्याच मुलखात शिरून किती वेगळी वाट काढली. टोल्कीनकडे शेवटी राजा परततो. जी. एं.कडे परतायला घरच उरत नाही.

एक जोड सुचवतो. ‘कथासरित्सागर’ मराठीत मिळतो. पुढच्या खरेदीत त्याचा एखादा तरी खंड घ्या. नव्या पुस्तकांना जुना शेजार मिळेल.

आणि कपाटाचं काय?

तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडे हे सांगावंच लागतं. कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. वाळवी भिंतीतून येते. पावसाळ्यात कसर लागते, म्हणून पुस्तकं फार दाबून लावू नका, मध्ये हवा खेळू द्या. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, ओल्या पाल्याने उलट दमट होतं. वेखंडाचे तुकडेही चालतात. वर्षातून एकदा पुस्तकं सावलीत उघडून ठेवा. कडक उन्हात ठेवलीत तर डिंक सुटतो आणि पानं तडकतात.

आता मूळ प्रश्नाचा निकाल. अद्भुत बाहेरून आलेलं नाही. आपल्याकडे ते कादंबरीच्या आधीपासून आहे, आणि कादंबरी आल्यावरही पहिली वीस-तीस वर्षं तेच पुढे होतं. वडिलांचंही एक म्हणणं मान्य करा. मोठ्या माणसाने खरं वाचावं, हे बरोबरच आहे. फक्त खरं काय ते घटनेवरून ठरवू नका. सत्ता हातात आली की चांगला माणूसही ती सोडू शकत नाही, हे टोल्कीन अंगठीच्या गोष्टीतून सांगतो, आणि ते ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर कुणालाही पटेल.

जाता जाता तुम्हाला आणि बेंबळी, तेर, तुळजापूर परिसरातल्या सगळ्या वाचकांना एक विनंती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लेण्यांच्या, वारुळांच्या, डोंगरांच्या ज्या गोष्टी येतात, त्या त्यांच्याच बोलीत वहीत उतरवून ठेवा. कुणी सांगितली आणि कुठल्या गावची, हे खाली लिहा. आमच्याकडे पाठवलीत तर या सदरात छापू.